समुद्रसपाटीपासून उंची

पाटी रंगवायला मला बोलावलं
तेव्हा निम्मं काम उरकलं होतं.
वेटिंग रूममधला कडबा निघाला होता,
आग्यामोहोळ निघालं होतं, आणि त्याच्यापायी
बाळगोंडा मिस्त्रीचा एक डोळा आठवडाभर बंद.
उरलेल्या डोळ्यानं त्यानं कमानीला ओळंबा लावला,
म्हणाला, "बांधणाऱ्यानं दोन्ही उघडे ठेवले होते बघ."

सिमेंट लावायचं नाही असं ठरलं,
म्हणजे त्यानंच ठरवलं.
चुन्याची घाणी फिरली. गूळ आला, बेलफळं आली.
पोरांनी गुळाचा खडा पळवला.
"खाऊ द्या," मिस्त्री म्हणाला,
"भिंत काय मोजून खाती व्हय?"

नाव: बेळुंडी रोड.
बेळुंडी इथून साडेतीन कोस.
छोटी गाडी बेळुंडीला कधी गेलीच नाही,
इथं उतरायचं, पुढं बैलगाडी, नाहीतर पाय.
आणि टेसनाभोवती जी घरं उठली,
हमालांची, गँगमनची, भज्यांच्या गाड्याची,
त्यांना नावच पडलं नाही.
रेशनकार्डावर एकाचं बेळुंडी, शेजाऱ्याचं कोंगाळ,
लग्नपत्रिकेत नुसतं "स्टेशनजवळ".
रूळ उचलून मिरजेला नेले,
मोठी लाईन दोन मैल उत्तरेला गेली,
तरी आम्ही स्टेशनजवळच राहिलो.

भोंग्यावरनं सांगितलं,
टेसनचं ज्याच्याकडं काय असंल त्यानं आणून द्यावं,
कोण काय इचारणार नाही.
पहिल्या दिवशी कोणीच नाही.
दुसऱ्या दिवशी हौसाक्काचं बाकडं आलं,
दोन नातवांच्या डोक्यावरून.
दस्तगीरनं बापाचा कंदील आणला:
हिरवी काच फुटलेली, लाल शाबूत.
थांबा म्हणता येतं त्याला,
जा म्हणता येत नाही.
घंटेचा रुळाचा तुकडा शाळेकडं होता, तो शाळेतच राहिला,
हेडमास्तर म्हणाले, मग मी काय ताट बडवू?

शेवटी शेजाळ आबा ट्रॅक्टर घेऊन आला.
मागं मालाचा काटा, काळं धूड,
ह्याच्यावर त्यानं आख्ख्या भागाचा बेदाणा तोलला.
चौघांनी उतरवला. आबानं टोपी काढली.
"ह्यो दोन किलो कमी दावतोय.
बाविसावं वरीस."

ज्यांनी त्याला माल घातला
ते सगळे तिथंच उभे, हातात चुन्याची घमेली.
कोणाचाही चुना सांडला नाही.
मग मालाक्का पदर खोचून काट्यावर चढली,
वाकून आकडा वाचला,
"मला तर परवडतंय बाई."

हसले सगळे. मिटलं असं नाही,
दोघं अजून आबाशी बोलत नाहीत,
पण काटा दारात आहे, दुरुस्त न केलेला,
आणि संध्याकाळी बाया रांगेनं वजन करून
खुशीत घरी जातात.

तिकिटाच्या खिडकीतून आता पुस्तकं मिळतात.
खिडकी आहे तेवढीच, हात आत, तोंड बाहेर,
जाड पुस्तक आडवं करून काढावं लागतं.

राहिली पाटी.
नावावरून तीन रात्री फलाटावर बैठक,
कंदील लाल, त्यामुळं कोणी उठेना.
कोणी म्हणालं बेळुंडीच असू द्या, कोणी म्हणालं का म्हणून,
कोणी आपल्या आज्याचं नाव पुढं केलं
आणि बसलं.
मी ऐकत होतो, पत्र्यानं जुना रंग खरवडत होतो.
पिवळ्याखाली पिवळा, त्याच्याखाली गंज,
नावाची दोनच अक्षरं धड,
पण खालची ओळ सगळी निघाली, बारीक, काळी:
समुद्रसपाटीपासून उंची ५९८ मीटर.

तेवढी मी गिरवली.
वरची जागा पिवळी ठेवून ब्रश धुतला,
तुमचं ठरलं की हाक मारा म्हटलं.

तिसरीतली रुकसाना ओळ वाचत आली,
बोट ठेवून, ओला रंग बोटाला.
"म्हणजे समुद्र आपल्या खाली हाय?"
हो म्हणालो.
ती फलाटाच्या कडेला गेली,
दीड फुटाचा फलाट,
खाली शेंगा वाळत घातलेल्या,
आणि कठड्याला धरल्यासारखी हवा धरून
वाकून बघत राहिली.