सात मिनिटं

माझी किल्ली साडेतीन फुटांची.
लोखंडी, वर आडवा दांडा, खांद्यावर टाकली की
लांबून वाटतं कुणी क्रूस घेऊन निघालाय.
तिनं कुठलंच दार उघडत नाही.
रस्त्याकडेला सिमेंटचं झाकण, झाकणाखाली खड्डा,
खड्ड्यात विंचू आणि वॉल.

पहाटे पावणेपाचला खालचा वाडा.
मग देऊळवाडा, मग शाळेची टाकी,
शेवटी चढणीवरचा गावसवाडा.
तिथं पोचेपर्यंत पाणी दमलेलं असतं,
नळातून आधी नुसता श्वास येतो.
बाया त्या श्वासावर जाग्या होतात.

यंदा चाळीस मिनिटांची पंचवीस झाली.
डिचोलीच्या ऑफिसातून फोनवर सांगितलं.
लेखी द्या म्हटलं तर साहेब म्हणाला,
कागद ओला होईल इतकं तरी आहे का, सगुण?

जुलैत माझं नाव कुणाला आठवत नाही.
मे महिन्यात कुत्रीसुद्धा ओळखतात.
"सगुण, आयज येतलें मरे?"
फणस फोडला की गरे येतात घरी,
उर्राकाची बाटली येते वर्तमानपत्रात गुंडाळून.
घेतो मी. खोटं कशाला बोलू.
पण मिनिट कधी विकलं नाही.

त्या मंगळवारी खालच्या वाड्यात
भिकू च्यारी गेला, सुतार,
अर्ध्या गावाच्या दारांच्या चौकटी त्याच्या हातच्या.
मसणातून माणसं परतली, तीस-पस्तीस,
अंगणात उभी, कुणी कुणाला न शिवता,
न्हाणीत रिकामी भांडी.
रामनाथाचा पोर सोवळ्यात उभा राहिल्यासारखा
हात अंगापासून लांब धरून.
वेळ संपली होती.
कुणी मागितलं नाही काही. मागितलं असतं
तर नाही म्हणता आलं असतं.

सात मिनिटं दिली.

सात मिनिटं येतात कुठून?
शेवटाकडून येतात.
गावसवाड्यात त्या दिवशी श्वास आला
आणि मागून काहीच आलं नाही.

दुपारी ऊन टेकडीवर ठाण मांडून बसलं
की मी खाणीकडे जातो.
खाण बंद आहे. कुंपणाची तार लोक घेऊन गेले,
पाटी राहिली: पाणी खोल आहे.
आहेच खोल. हिरवं, गप्प, एखाद्या डोळ्यासारखं,
पापणी नसलेल्या.
देवळाची बांय आहे त्यात, शाळेची आहे,
च्यारींच्या परसातली आहे,
कुळागरातला झर आहे, ज्याच्यावर चारशे पोफळी उभ्या होत्या
आणि आता नुसते खांब.
लोक म्हणतात, झर रुसला.
पाणी रुसत नाही.
त्याला खाली जागा दिसली, ते गेलं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही:
तो पंप मी चालवायचो.
चार वर्षं, रात्रपाळी.
खड्ड्यात पाणी झिरपायचं, मशीनचे पाय भिजायचे,
मी ते उपसून ओहोळात सोडायचो,
ओहोळ तांबडा होऊन नदीला जायचा.
पगार चांगला होता. घराला स्लॅब पडला त्यातून.
किती काढलं म्हणून विचाराल तर
तेव्हा माझ्याकडे घड्याळ नव्हतं.
मिनिटं मोजावीत असं पाणी
तेव्हा कुणी पाहिलंच नव्हतं.

आता त्याच खड्ड्यातून टँकर भरतात.
गावसवाड्यातली सत्यवती त्याचं पाणी म्हशींना दाखवते,
म्हशी नाक फिरवतात.

ती माझ्याशी भांडली नाही.
बुधवारी पहाटे गेलो तर वरच्या वॉलच्या झाकणावर
एक बादली पालथी घातलेली.
निळी, कडी तुटून सुतळी बांधलेली.
मी ती उचलली, बाजूला ठेवली,
झाकण काढलं, किल्ली फिरवली,
पंचवीस मिनिटं बसलो उकिडवा.
बंद केलं.
आणि बादली होती तशी परत ठेवली.

तेव्हापासून रोज असते ती तिथं.
रोज उचलतो, रोज ठेवतो.
काल पहिल्यांदा वाटलं, तिच्या आत
जरा ओल आहे.
बोट लावून पाहिलं नाही.