शेपूट आपल्याकडे

कुओपिओजवळच्या गोठल्या तळ्यावर
ऑर्वो खोकं उघडतो.
एका पात्याच्या टोकाला लाल टेप, दुसरं कोरं.
फिरताना दोन रेषा दिसल्या
की लिंक अर्धा आटा पिळायची,
पुन्हा उडवायचं, पुन्हा उतरवायचं,
एकच रेषा उरेपर्यंत.

उणे अकरा. हातमोजे दातांत.
बॅटरी कोटाच्या आत, पिलासारखी.

“शेपूट कायम आपल्याकडे.
तोंड वळलं की डावं उजवं होतं,
बोटं खोटं बोलायला लागतात.”
तीन हिवाळे मी त्याची पाठच पाहिली.

आज ट्रान्समीटर माझ्या गळ्यात अडकवून
तो मागे सरला.
कमरेइतक्या उंचीवर, भुसभुशीत बर्फ उधळत
ते डगमगलं,
हळूहळू वळलं

आणि माझ्याकडे बघायला लागलं.

ऑर्वो काहीच बोलला नाही.
टोपी काढून, लालबुंद कान उघडे टाकून
नुसता ऐकत राहिला.