पंचवीसच्या पुढे

खरं सांगायचं तर मी हे निवडलं नव्हतं.
लॅबच्या कोर्सची यादी लागली, तीत मी नव्हते,
आणि खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या,
इमर्जन्सीला एक जागा आहे. घेते का?
मागे रांग होती, मे होता, पंखा बंद होता.
घेते म्हटलं.

घरी आईने मांडीवरचं सूप न हलवता विचारलं,
म्हणजे नर्स?
नर्स नाही. ॲम्ब्युलन्समधे असते ती.
म्हणजे डायवर?
मामा तंबाखू मळता मळता खूप हसला.

पहिल्या महिन्यात आम्हाला एक रबरी धड मिळालं.
हात नाहीत, पाय नाहीत, छातीत स्प्रिंग.
पोरांनी त्याचं नाव ठेवलं गुंडप्पा.
हिरेमठ सर सांगायचे: कोपर ताठ,
पाच सेंटिमीटर खाली, पूर्ण वर येऊ द्या,
तीस झाले की दोन श्वास.
मी पंचवीसला थांबायची.
दर वेळी.
‘बोद्दूल, पाच कुठं गेले?’

कुठे गेले ते मला ठाऊक होतं.
सात वर्षांची असल्यापासून
विडी घरकुलातल्या आमच्या उंबऱ्यात बसून
मी आईच्या विड्या मोजून दिल्यात.
पंचवीसची जुडी, दोरा, गाठ.
ओकटी, रेंडू, मूडू...
इरवै ऐदू म्हटलं की हात आपला आपण दोरा शोधतो.
वर्गात सगळे मराठीत मोजायचे, मी ओठ मिटून तेलुगूत,
आणि गुंडप्पाची जुडी बांधून मोकळी व्हायची.

सराव परीक्षेत नापास.
कारखान्यातला तपासनीस
नुसत्या चिमटीने छाट ओळखून बाजूला फेकतो,
तसं सरांनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

मग सिव्हिलची रात्रपाळी.
टॉवेलच्या कारखान्यातला एक मुलगा आणला,
त्याचा हात मागात गेला होता, कोपरापर्यंत.
मला बँडेज धरायला सांगितलं. मी धरलं.
नंतर जिन्याखाली जाऊन ओकले.
महादेवी मावशीने फरशीवर फिनेल ओतलं, म्हणाली,
डॉक्टर पण ओकतेत पहिल्यांदा. बूट पूस.

सकाळी ठरवून टाकलं, आता नाही.
पण डबा तिथेच राहिला होता,
आणि आईला डबा हरवलेला चालत नाही.
दुपारी आणायला गेले तर तो मुलगा जागा.
ताई, वाजले किती?
अडीच.
एवढंच विचारलं त्याने. पुन्हा विचारलं.
मी पाच वाजेपर्यंत त्याला वेळ सांगत बसले.
निवड म्हणतात ती कधी झाली असेल तर तिथे.
नक्की सांगता येणार नाही.
डबा त्याही दिवशी विसरले.

मार्चअखेर, विजापूर वेस, ऊन टाळूवर.
चपलांच्या दुकानापुढे एक म्हातारा आडवा,
एका पायात नवी कोरी चप्पल, दुसरा पाय अनवाणी.
कुणी नाकाला कांदा लावतंय, कुणी फोन वर धरून उभं.
सरका म्हटलं. सरकले.
हा गुंडप्पा नव्हता, याच्या छातीवर पांढरे केस होते,
तिसऱ्या दाबाला आत काहीतरी कट्‌कन वाजलं.
सरांनी सांगितलं होतं: वाजेल. थांबायचं नाही.
इरवै ऐदू.
माझ्या बोटांनी दोरा शोधला.
इरवै आरू,
मोठ्याने,
भर बाजारात, तेलुगूत,
आणि नबीलाल डायवर बॅग उघडत ओरडला,
हां, मोज, मोज.
मुप्पै.
दोन श्वास.
पुन्हा ओकटी.

सिव्हिलच्या दारात त्यांना आत दिलं.
पुढचं कळलं नाही. आम्हाला कळवत नाहीत.
गाडी धुताना स्ट्रेचरखाली ती चप्पल निघाली.
सुट्टी झाल्यावर दुकानात घेऊन गेले.
दुकानदाराने उलटून पाहिली, तळवा पुसला,
म्हणाला, पैसे द्यायचे राहिले होते त्यांचे.
मग फळीवरून खोकं काढलं,
आतल्या एकटीशेजारी हीही ठेवली,
झाकणावर पेनने लिहिलं:
विकायची नाही.