कोची ते दिब्रुगड

विट्याच्या स्टँडसमोर, झेरॉक्स आणि रसवंतीच्या मधल्या गाळ्यात
मी तिकिटं काढते.
गलाईवाल्यांचा हा तालुका. सकाळपासून
मदुराई, कटक, सिल्चर, गुवाहाटी
माझ्या तोंडात लेंगरे-खानापूर असल्यासारखी.
"किती तास?" सगळे विचारतात.
मी विमानाचे सांगते.
विटा ते पुणे पाच तास, ते कुणीच धरत नाही.

सर्जेराव मुळीक उन्हातून आले, छत्री मिटत.
स्टुलावर टेकले, पाणी प्याले. म्हणाले,
"कोचीपासनं दिब्रुगड किती लांब पडतंय गं?"
कोण जाणार, काका?
"कोण न्हाई. बघ नुसतं."

सरळ रेघेत सत्तावीसशे चाळीस किलोमीटर.
थेट विमान असतं तर पावणेचार तास.
"एवढंच?" ते म्हणाले.
"मला वाटलं, लई असंल."

उत्तम कोचीला, बजरंग दिब्रुगडला.
एका लगडीत चार ग्रॅम घट जास्त आली,
मूस एकाची, तराजू दुसऱ्याचा,
त्या चार ग्रॅमला अकरा वर्षं झाली.
आई गेली तेव्हा
एक दहाव्याला येऊन गेला, एक तेराव्याला.

मी नकाशावर दोन टोकं जोडून दाखवली.
रेघ आपल्याकडून जातच नाही,
तिचा मध्य ओडिशाच्या किनाऱ्याबाहेर, पाण्यात.
चष्मा पुसून त्यांनी तो निळा ठिपका बघितला.
"मग तिथं कसं भेटायचं," म्हणाले
आणि पिशवीतून रबर लावलेले पैसे काढले.

दोन तिकिटं. दोन्ही पुण्याची, एकाच तारखेची.
एक उतरणार तीन दहाला, दुसरं तीन पन्नासला.
"ह्याच्यापेक्षा जवळ न्हाई?"
नाही.
"बरं. चाळीस मिनिटं थांबंल त्यो. जीप मात्र एकच सांग.
आन् डायवरला म्हणावं, पुढच्या सीटवर सामान टाक,
म्हंजे दोघं मागं बसतील."

त्या दिवशी मी शटर ओढलंच नाही.
खंबाटकीतून पोपटचा फोन:
"दोघं दोन खिडक्यांतनं बघत्यात, ताई."
मग बराच वेळ लागेना.
मग कराडच्या अलीकडून: "थांबलोय. चहा घेतोय."
किती चहा?
"किती म्हंजे? तीन."
एकाच टेबलावर?
तोवर कट झाला.

पाचव्या दिवशी काका परत स्टुलावर.
बजरंगचं परतीचं तिकीट चार दिवस पुढं ढकलायचं.
तीन हजार जातील, काका, नुसती तारीख बदलायला.
"जाऊ देत की.
घट धरल्याबिगर कुठं आटतंय सोनं."

मी नाव टाकलं, नवी तारीख टाकली.
स्क्रीननं बदलाचं कारण विचारलं:
आजारपण, खराब हवामान, कार्यालयीन काम, इतर.
काका माझ्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न करत होते.
मी 'इतर' दाबलं.