कोयंड्यांकडची ड्रेसिंग

उपकेंद्राच्या कपाटात एकच टेप आहे,
पांढरी, जाड, पत्र्याच्या डब्यातली,
एकदा बसली की बसली.
होडीच्या फळीला लावली तरी आठवडाभर टिकेल.
मी ती चंद्रभागा कोयंडेच्या हाताला लावली
आणि तिसऱ्या दिवशी काढताना
जखमेच्या शेजारी जखमेहून मोठी जखम झाली.

ती ओरडली नाही.
एवढंच म्हणाली,
"गो बाय, तांबोशाची खवलां सुद्दा मी
ह्येच्यापेक्षा सावकाश काढतंय."

एक्क्याऐंशी वर्षांची कातडी.
दम्याच्या गोळ्यांनी आणखी पातळ झालेली,
कोवळ्या शहाळ्यातली साय
चमचा लागताच फाटते, तशी.
बोट जरा जड टेकलं
तर जांभळा डाग उमटतो आणि पंधरा दिवस राहतो.
याच हातांनी तिने चाळीस वर्षं खाऱ्याला मीठ चोळलं.
तेव्हा काय होत नव्हतं, म्हणते.
मला ते खरं वाटत नाही.

शनिवारी मालवणात तीन मेडिकल पालथी घातली.
पहिल्याकडे कागदी टेप. हलकी, सोशिक,
पण सर्जेकोटच्या ऑक्टोबरात दुपारपर्यंत सुटली
आणि गॉज कोंबडीने अंगणभर फिरवलं.
दुसऱ्याकडची प्लॅस्टिकची, आरपार दिसणारी.
ती माझ्याच मनगटाला आतून लावून घरी गेले,
रात्री काढली. लव उपटून आली. नको.
तिसऱ्याने काचेखालून सिलिकॉनची काढली,
निळसर, बोटाला धरते,
सोड म्हटलं की सोडते.
किंमत ऐकून मी रोल खाली ठेवला.
"वीतभर कापून द्याल?"
"सील तुटल्यावर उरलेली कोण घेणार, सिस्टर?"
मग परत उचलला.

लाडो कोयंडे पडवीत जाळं सांधत बसले होते.
हिशेब त्यांनी ऐकला असावा.
मान वर न करता विचारलं,
"चिकटवूक कित्याक व्हया?
मासो काय जाळ्याक चिकटता?"

मी हसले आणि निघाले.

पुढच्या खेपेला तिच्या हातावर
मनगटापासून कोपरापर्यंत
एक बाही होती, पांढऱ्या सुती दोऱ्याची.
आस करंगळीएवढी.
ती झोपलेली असताना त्यांनी दोऱ्याने माप घेतलं होतं,
दोऱ्यावर गाठी मारून.
नायलॉन घेतला नाही, तो कापतो म्हणाले.
मी बाही उलटून पाहिली.
गाठी सगळ्या बाहेरच्या अंगाला होत्या,
आतून कुठेही टोचेल असं काही नव्हतं.
हे मला नर्सिंगच्या साडेतीन वर्षांत
कोणी सांगितलं नव्हतं.

चंद्रभागा हात वर धरून म्हणाली,
"साठ वर्सांत ह्येंनी एक बांगडी केली नाय माका,
आता हातभर जाळा घालतत."

कोपराशी मात्र बाही घसरते.
तिथे निळी टेप, दोन बोटं, जास्त नाही.
टोक दुमडून ठेवते,
पुढच्या वेळी चिमटीत सापडावं म्हणून.
काढायची कशी, ते मी लाडोंना शिकवलं:
कडेला खोबरेल, मिनिटभर थांबायचं,
वर खेचायची नाही, कातडीला लागून मागे न्यायची,
दुसऱ्या हाताचं बोट कातडीवर, टेपच्या मागोमाग.
ते बघत राहिले. मग म्हणाले,
कासवाचा पाय जाळ्यात अडकला तर असंच करतात,
घाई केली तर पाय जातो.

दोन बाह्या आहेत आता. एक हातावर,
एक उकळून दोरीवर,
खाली मांजर बसलेली, कारण काहीही म्हणा,
लाडोंच्या बोटांचा वास त्याला राहतोच.

रजिस्टरमध्ये "वापरलेले साहित्य" असा रकाना आहे.
मी लिहिलं: गॉज दोन. टेप दोन बोटं (स्वतःची).
जाळं, एक.
मोठ्या बाई वाचतील तेव्हा विचारतील,
तेव्हा बघू.
मागणीपत्रकात सिलिकॉन टेप, सहा रोल,
तिसऱ्यांदा लिहिली आहे.