मधली जाळी

दुकानदार म्हणाला, दोघी बहिणी.
यिल्डाउने नावंही तशीच ठेवली :
पिवळसर होती तिचं बूतर, म्हणजे लोणी;
काळी होती तिचं द्रॉप, ज्येष्ठमधाच्या गोळीवरून.
चौदाव्या आठवड्यात लोण्याने गोळीवर उडी घेतली
आणि यिल्डाउची आई, वित्स्के,
पायांत काही न घालताच माझ्या दारात :
"हिद्दे, करवत आहे ना अजून?"

(दुकानदार आजही म्हणतो, बहिणीच.
त्याच्या सशाला तीनच पाय.)

करवत आहे. चाळीस वर्षं हार्लिंगनच्या गोदीत
मी बोटींच्या पोटात भिंती घातल्या,
एका कप्प्यात पाणी शिरलं तरी
दुसऱ्याने तरावं म्हणून.
वित्स्केचा जुना पिंजरा मी आधी मोडला.
त्यात ससा मागच्या पायांवर उभा राहिला
तर कान छपराला लागायचे.
नवं घर माझ्या पलंगापेक्षा लांब,
समुद्राच्या वाऱ्याकडे पाठ,
आणि बरोबर मध्ये जाळी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याचं आत्ताच करू.
तिचं सहा महिन्यांची झाल्यावर;
न केलं तर पुढे गर्भाशयात गाठी होतात.
आणि हो, त्याचं झालं तरी लगेच एकत्र नको.
सहा आठवडे.
आत जुना साठा शिल्लक असतो.

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं,
लेवार्डनच्या दवाखान्यात, तीन मुलांनंतर,
पँटचा पट्टा लावता लावता.
थोडे दिवस थांबा, डॉक्टर म्हणाले होते.
नोव्हेंबर होता. बाउक्येचे पाय बर्फासारखे.
चौथ्याचं नाव येले.

हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नाही.
मी जाळी दुहेरी ठोकली,
मध्ये दोन बोटं अंतर सोडून.

बूतर परत आला तो झिंगलेला,
खालची लव भादरलेली.
यिल्डाउ पार्स्लीची काडी धरून पालथी पडली.
काहीतरी खाल्लंच पाहिजे,
सशाचं पोट थांबलं की ससाच थांबतो.
"त्याला कळलं असेल का, काय काढलं ते?"
मी म्हटलं, विचार त्यालाच.
त्याने काडी ओढून घेतली.

मासेवाल्याच्या कॅलेंडरवर तिने
बेचाळीस चौकोन रंगवले.
रोज इकडचं गवत तिकडे, तिकडचं इकडे,
वास तरी ओळखीचा राहावा.
पहिले काही दिवस त्याचा जाळीला ससेमिरा,
तिची मागच्या पायाने जमिनीवर थाप.
मग एका सकाळी दोघं
जाळीच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ,
मध्ये माझी दोन बोटं.

चौकोन संपले, पण तोवर तिची तारीख आली.
तिचं जड गेलं.
वित्स्केची रात्रपाळी होती,
म्हणून सुई नसलेल्या सिरिंजने
मीच तिला पातळ खाणं भरवलं,
दर तीन तासांनी, गजर लावून.
पहाटे साडेचारला तिने चार लेंड्या टाकल्या.
मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

टाके भरले. भेट ठरली माझ्या न्हाणीघरात,
जिथे दोघांपैकी कुणाचाच हक्क नाही.
तिने आधी त्याच्या पाठीवरचा पुंजका उपटला.
तो बादलीमागे गेला.
यिल्डाउ रडायला लागली, मी किटली ठेवली.
चहा होईतो तिने मान खाली घालून
त्याच्यापुढे डोकं टेकलं होतं :
चाट.
आणि तो चाटत होता.

रविवारी पकड घेऊन बसलो, एकेक खिळा उपटत.
फोन वाजला. बाकीचे तिघे करत नाहीत,
हा जहाजावरून करतो.
"काय चाललंय, बाबा?"
म्हटलं, भिंत काढतोय.
"काय?" येले ओरडला,
"इंजिनाचा आवाज आहे, ऐकू येत नाही."