घडी

ग्वाल्हेर, लष्कर. जुनं गोदाम
ओल्या चुन्याच्या वासाचं.
वस्त्रसंग्रहाची कपाटं यायचीत अजून,
लुगडी आधीच आली.

यमुताई महाडकर टेम्पोतून उतरल्या,
मलमलीत बांधलेली चंदेरी उराशी.
"सासूबाईंची. घडी मोडलीच नाही कधी."

मी नोंदलं: नऊवार, अंजिरी, काठ शाबूत.
जर तुटलेली, सात ठिकाणी,
घडी होती तिथेतिथेच.

सांगितलं, इथे घडी घालत नाहीत,
नळीवर गुंडाळतो.
"बरं," म्हणाल्या,
आणि पावतीची चौपदरी घडी
नखाने दाबत राहिल्या.

मलमलही मागितली मी.
लुगड्याहून जुनी, विण बघण्यासारखी,
मधोमध पिवळट डाग.

"ही नाही हो.
चक्का बांधते मी हिच्यात."